शेवटची एसटी कितीला?

इव्हेंट मॅनेजमेंट हा आपल्या पिढीचा लाडका फंडा. ऑफिसची पार्टी असो की आउटिंग, आपण आधी एक्सेल शीट उघडतो. माझंही तेच झालं. रहिमतपूरहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, यंदा गॅदरिंगची सेक्रेटरी मी आहे. प्लॅनिंगला मदत कर की!" मी पडले मासकॉमवाली. रात्रीच चेकलिस्ट पाठवली. स्पॉन्सर, साउंड, फ्लेक्स, निवेदक, सेलिब्रिटी पाहुणा. एकदम सही!

तिचा रिप्लाय आला, "यात शेवटची एसटी कुठाय?"

आं? काही टोटलच लागेना. शनिवारी गावी गेले तेव्हा तिनं वही उघडली. मुलींची नावं, समोर गाव आणि त्यापुढे घरी जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ. आधीच्या वर्षी मूकनाट्याची तालीम लांबली आणि दोघींची गाडी चुकली. एकदा वडील मोटारसायकल घेऊन न्यायला आले. दुसऱ्यांदा मात्र घरच्यांनी नाटकच बंद केलं. बास, विषय संपला.

प्रश्न एका गॅदरिंगचा नाही, बरं का. सातारा, सांगली, कोल्हापूरची कॉलेजं 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली. गॅदरिंगला तयार झालेली लोकनृत्याची, मूकनाट्याची टीमच पुढे जिल्हास्तरीय युवा महोत्सवात उतरते, तिथून मध्यवर्ती महोत्सवात. या शिडीची पहिली पायरी म्हणजे कॉलेजातली तालीम. तीच हुकली तर टॅलेंट जाणार कुठं? घरी! 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. मस्तच. पण गाडीच निघून गेली, तर सवलत घेऊन करायचं काय?

बहिणीनं सगळा कार्यक्रमच उलटा बांधला. तालमी दुपारी. गॅदरिंग संध्याकाळऐवजी सकाळी दहाला. लांबच्या गावच्या मुलींचे आयटम आधी. लायटिंग गेलं म्हणून पोरं फुगली. भाषणं शेवटी ठेवली म्हणून सरांनी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "सर, पाहुणे स्वतःच्या गाडीनं येणार. त्यांना कसली घाई?" शेवटी तोड निघाली: भाषणं सुरुवातीलाच, पण सगळी मिळून दहा मिनिटं. आणि हो, त्या दोघी यंदा स्टेजवर होत्या. वडील पहिल्या रांगेत!

आता जरा आपल्याकडे बघू. आपली पार्टी रात्री नऊला सुरू होते. विरारची किंवा पिंपरीची कलीग साडेनऊला पर्स उचलते आणि आपण म्हणतो, "काय बोअर आहे यार ही!" ती बोअर नसते हो. तिची शेवटची एसटी आपल्या शीटमध्ये नसते, इतकंच.

माझ्या शीटचा पहिला कॉलम आता तोच आहे. आणि सेलिब्रिटी पाहुणा? बजेट नव्हतं, म्हणून मलाच उभं केलं. चार मिनिटांत आटोपलं. बहीण घड्याळ दाखवत समोरच उभी होती ना!