बोंडअळीचे कुळ

किड्यांचे नामकरण म्हणजे पंडितांचा रिकामा उद्योग, असे मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी गुलाबी बोंडअळीची हकीकत अवश्य वाचावी. सुरतेत राहून खानदेशात कापसाची शेती राखणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही अळी परिचितच आहे. परंतु शास्त्राला तिची ओळख झाली ती येथून गाडीने तासाभरावर असलेल्या भरूचमुळे.

तेथील सरकारी कापूसमळ्यांतून विलायतेस गेलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ साली या पतंगाचे प्रथम वर्णन केले व त्यास ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’ असे नाव दिले. पंख पसरूनही जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर भरणारे, मातकट रंगाचे हे पाखरू! १९१७ मध्ये अमेरिकेत ऑगस्ट बुस्क यांनी त्याच्यासाठी ‘पेक्टिनोफोरा’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. मिशीच्या मुळाशी फणीसारखे ताठ केस असतात, त्यावरून हे नाव. त्याच वर्षी सरकीत दडून आलेली ही अळी टेक्ससमध्ये आढळली. गंमत अशी की, आपण जिला ‘अमेरिकन’ म्हणतो ती हिरवी बोंडअळी मुळात आपल्याच बाजूच्या जगातली.

दोघींना बोंडअळी म्हटले तरी त्यांची कुळे भिन्न आहेत आणि खाणेही भिन्न. हिरवी तूर, हरभरा, टोमॅटो, सर्वांवर पोसते. गुलाबीचे पोट बहुतांशी कापसावरच. हा भेद पुढे फार महाग पडला. २००२ साली बीटी कापूस आला, तेव्हा शेताच्या कडेस साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता. त्यांवर वाढलेल्या पतंगांशी संकर होऊन विष पचविणारी संतती बळावू नये, हा हेतू. ओळी फारशा कोणी लावल्या नाहीत. हिरवीला तुरी-हरभऱ्याचा आश्रय आयताच मिळाला. गुलाबीला कापसावाचून दुसरे घरच नव्हते. २००८ च्या हंगामात अमरेलीकडे ती बीटीला दाद देईनाशी झाली. दोन जनुकांचे वाणही पुढे निकामी ठरले आणि २०१७ साली विदर्भात हाहाकार उडाला. अमेरिकेने मात्र बीटीच्या जोडीस वंध्य पतंग सोडून २०१८ मध्ये तिच्या निर्मूलनाची घोषणा केली.

आपल्याकडे पहिली खूण म्हणजे डोमकळी, पाकळ्या न उमलता मिटून राहिलेले फूल. ते खुडून नष्ट करावे. आणि पाण्याची सोय आहे म्हणून फरदड ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. कापूस उभा राहील तितके दिवस तिची पिढी चालू राहते.