शेड-कार्ड उघडण्याआधी

होसे सेल्गास आणि लुसिया कानो यांनी 1998 मध्ये माद्रिदला सुरू केलेल्या सेल्गासकानो या स्टुडिओचे नाव निघाले, की पहिल्यांदा आठवतो तो 2015 चा सर्पेंटाइन पॅव्हिलियन. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये पोलादी सांगाड्यावर ताणलेली रंगीत ईटीएफई फिल्म आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या फिती छायाचित्रांत फार खुलून दिसल्या. म्हणूनच की काय, पाहणाऱ्यांनी त्यातला रंग तेवढा उचलला. या जोडीकडून आपण शिकावे ते खरे तर त्यांच्या आधीच्या कामांतून.

माद्रिदच्या झाडीत 2009 मध्ये त्यांनी बांधलेले स्वतःचे कार्यालय घ्या. लांबट, अरुंद, अर्धे जमिनीत उतरवलेले. टेबलाशी बसले की बाहेरची जमीन डोळ्यांजवळ येते, पालापाचोळा जवळून दिसतो. उत्तरेकडची वक्र बाजू पारदर्शक ॲक्रिलिकची आहे. तिकडून थेट ऊन फारसे येत नाही, तेव्हा झाडे आणि आकाश मोकळेपणाने आत घेतले आहे. दक्षिणेकडे मात्र फायबरग्लास आणि उष्णतारोधक थर. एकाच छेदाच्या दोन बाजूंना दोन साहित्ये दिली, ती उन्हाचा हिशेब करून. प्लॅस्टिकखाली माणूस शिजतो, अशी आपल्याकडे तक्रार असते आणि ती रास्तही आहे. पण दोष अनेकदा साहित्यापेक्षा दिशेचा विचार न करता ते चारी बाजूंनी लावण्यात असतो.

मेरिदाच्या युवा केंद्रात (2011) त्यांनी पॉलिकार्बोनेट वापरले, प्लासेन्सियाच्या परिषदगृहाला (2017) ईटीएफईचे पारभासक आवरण दिले. रंग साहित्याच्या अंगातच असला, की प्रकाश त्यातून गाळून आत येतो. असा रंग छेद काढतानाच ठरवावा लागतो. आपल्या कार्यालयांत तो ठरतो प्लॅस्टर झाल्यावर, ग्राहकासमोर शेड-कार्ड उघडून. तोवर खिडक्या, पडव्या, छताची उंची सगळे ठरून गेलेले असते आणि रंगाला करण्यासारखे काही उरत नाही.

पॉलिकार्बोनेट आपल्यालाही परके नाही. गोदामे, पार्किंग, जिन्यांवरची छपरे सगळीकडे ते आहे, आणि बहुतेक ठिकाणी वाईट लावलेले आहे. अतिनील किरणांपासून वाचवणारा थर पुष्कळ शीटना एकाच बाजूला असतो; ती बाजू आत गेली की शीट लवकर पिवळी पडते. पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेने हव्यात. त्यांचे वरचे तोंड घट्ट बंद हवे, खालच्या तोंडाला बाष्प निघून जाऊ देणारी टेप हवी. नाहीतर पावसाळ्यानंतर आत शेवाळ दिसू लागते. तापमान 40 अंशांनी बदलले, तर मीटरमागे सुमारे अडीच मिलिमीटर हालचाल होते. स्क्रूचे भोक नेमके स्क्रूएवढेच ठेवले, तर शीट फुगते किंवा भोकापासून तडकते. हे सगळे ड्रॉइंगवर लिहिण्याची जबाबदारी आपली आहे, ती फॅब्रिकेटरवर ढकलून भागणार नाही. प्रयोगशील म्हणवणाऱ्या कामाला साध्या भिंतीपेक्षा अधिक तपशील लागतात.

हलक्या बांधकामाचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. डेन्मार्कच्या लुईझियाना संग्रहालयात 2015 च्या प्रदर्शनासाठी उभारलेला या स्टुडिओचा मंडप पुढे नैरोबीतील किबेरा वस्तीत गेला आणि तिथे त्याची शाळा झाली. सर्पेंटाइन पॅव्हिलियनही 2019 मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा उभा राहिला. जे सुटे करता येते, ते दुसऱ्याच्या कामी येते. आपल्याकडे संमेलने आणि प्रदर्शने यांचे मंडप दरवर्षी उभे राहतात. त्यांतले किती सुटे होऊन एखाद्या अंगणवाडीवर छप्पर म्हणून बसू शकतील, हा विचार निविदेच्या आधी व्हायला हवा.

पुढच्या अंकांत आम्हाला अशा हलक्या बांधकामांतले सांधे छापायचे आहेत. पॉलिकार्बोनेट, एफआरपी किंवा ताणलेले कापड वापरलेली आणि किमान दोन पावसाळे पाहिलेली आपली कामे पाठवा. छायाचित्रासोबत 1:5 प्रमाणातला छेद हवा, आणि गळती झाली असेल तर ती कुठून झाली तेही त्यावर दाखवा.