नावापुढची कोरी जागा

बिदर जिल्ह्याच्या सीमाभागातील एका मराठी शाळेच्या कचेरीत मुख्याध्यापकांच्या नामावलीचा जो काळा फलक टांगलेला आहे, त्यावर रंगाऱ्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘श्री.’ हे अक्षर आगाऊच रंगवून ठेवले होते. पुढे त्या जागेवर एक बाई मुकर्रर झाल्या, तेव्हा त्यातले टिंब खरवडून तेथे ‘मती’ ही दोन अक्षरे बारीक कुंचल्याने कशीबशी बसविण्यात आली. फलकाच्या वर संस्थापकांच्या व माजी मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने आहेत. त्यांत बाईंची नाही. निजामी अमदानीतील ‘सदर मुदर्रिस’ जाऊन ‘मुख्याध्यापक’ आले, 1956 साली राज्यही पालटले, परंतु भिंतीने मात्र आपला रिवाज सोडला नाही.

व्यक्तिचित्रण ही अधिकाराची भाषा आहे. खुर्चीचा हात, मांडीवरचा ग्रंथ, पाहणाऱ्यावर स्थिरावलेली नजर, एवढ्या सामग्रीतून चित्रकार सत्ता साकार करतो. 1916 साली कलबुर्गीत जन्मलेले आणि मुंबईत कीर्ती मिळविलेले एस. एम. पंडित यांच्या पौराणिक नायिका कॅलेंडरांतून घरोघरी पोहोचल्या, त्या त्यांच्या असामान्य हस्तकौशल्यामुळे. पण चित्रकार बहुधा समाज मागतो तेच रंगवितो, आणि समाजाने स्त्री मागितली ती देवता म्हणून, नायिका म्हणून. हजेरीपट उघडून खुर्चीत बसलेली बाई त्याने मागितलीच नाही.

याच जिल्ह्यातील ज्या बसवकल्याणात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, संतकवयित्री अक्कमहादेवीने अल्लमप्रभूंच्या कठोर प्रश्नांना भर सभेत उत्तरे दिली, त्या भूमीत हे घडावे, याचे वैषम्य वाटते. अर्थात हा दोष एकट्या सीमाभागाचा नाही. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला मेहरू बंगाली यांच्या रूपाने पहिली स्त्री कुलगुरू लाभली ती 1986 साली, म्हणजे तब्बल 129 वर्षांनी.

तसबीर लावल्याने बढती मिळते काय, असा सवाल कोणी करील. मिळत नाही, हे खरे. परंतु बढतीचा ठराव ज्या खोलीत होतो, तिच्या भिंतीवर वर्षानुवर्षे पुरुषांचेच चेहरे असले, म्हणजे खुर्ची त्यांचीच हा समज न बोलता दृढ होत जातो. ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजाने स्त्रियांच्या प्रवेशाला 40 वर्षे झाली तेव्हा, 2014 साली, भोजनगृहातील पुरुषांची तैलचित्रे उतरवून स्त्रियांची छायाचित्रे लावली. आपल्या संस्थांना तर काही उतरविण्याचीही गरज नाही. कलबुर्गीत चित्रकलेचे शिक्षण घेणारी मुले-मुली आहेत. संस्थांनी त्यांच्याकडून आपल्या निवृत्त मुख्याध्यापिकांची व्यक्तिचित्रे रीतसर मेहनताना देऊन करून घ्यावीत. त्यांत कमळ नको, वीणा नको. टेबलावर हजेरीपट असावा, हाताशी घंटा असावी आणि चेहऱ्यावर निर्णय घेणाऱ्या माणसाचे गांभीर्य असावे.

आणि पुढचा फलक रंगवावयास देताना रंगाऱ्याला एवढेच बजावावे, की बाबा, नावापुढची जागा कोरी ठेव.