आटणीला देण्याआधी भांडे एकदा उलटे करून पाहा!

2025 मध्ये चांदीने किलोमागे दीड लाखाचा टप्पा ओलांडला आणि माळ्यावरच्या पेटीतली तबके, अत्तरदाण्या, पानदाने मोडीत काढण्याचा मोह घरोघरी वाढला. कोल्हापूरकरांना तर गुजरी हाकेच्या अंतरावर, हुपरी तासाभराच्या आत. वजन, टंच, हिशेब, विषय संपला. मात्र भांडे आटले की ते कोणी आणि कुठे घडवले, याचा पुरावाही मुशीत जातो.

हा पुरावा बहुधा बुडाशी असतो, नखाएवढा. विलायती वस्तूवर चालणारा सिंह दिसला, तर ती 92.5 टक्के शुद्धतेची 'स्टर्लिंग' चांदी. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे तोंड असेल तर लंडनची. सुटे इंग्रजी अक्षर वर्ष सांगते; पण अक्षरे फिरून येतात, म्हणून त्याचे वळण आणि भोवतीची चौकटही पाहावी लागते. राजा किंवा राणीचे मुख हा बहुधा 1784 ते 1890 या काळातील करभरणीचा शिक्का. आणि 'ईपीएनएस' अशी अक्षरे दिसली, तर तो फक्त मुलामा आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तर नावापुरतीही चांदी नसते!

आपल्याकडचे कोडे अवघड आहे. ब्रिटिश काळात इथे चांदीवर शिक्क्याची सक्ती नव्हती. भुजच्या ओमरसी मावजींचा 'ओएम', मद्रासची पी. ऑर अँड सन्स, कलकत्त्याची हॅमिल्टन यांच्या खुणा संग्राहक ओळखतात. पुण्याच्या हीरप्पा बुचेना यांचे कामही नावानिशी ओळखले जाते. बाकी बहुतेक कारागीर निनावीच राहिले. त्यामुळे शिक्का नाही म्हणजे चांदी खोटी, हा समज चुकीचा. ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव मात्र घडवणाऱ्याचे नसून मालकाचे, नाहीतर आहेर देणाऱ्याचे असते. त्यासोबत लग्नाची तारीख असेल, तर भांड्याचे वय शोधायला तीही पुष्कळ झाली.

1 सप्टेंबर 2025 पासून चांदीसाठीही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी आला, तोही ऐच्छिक. 'बीआयएस केअर' ॲपवर तो टाकला की सराफाची नोंद, हॉलमार्किंग केंद्र आणि शुद्धता कळते. हुपरीत ज्याने पैंजण घडवले, त्याचे नाव तिथेही नाही. ज्या गावाची ओळखच चांदीनगरी, तिथल्या कारागिराला दीडशे वर्षांपूर्वीच्या निनावी कासाराइतकेच अदृश्य ठेवणारी ही व्यवस्था अपुरी आहे. त्या नोंदीत एक रकाना वाढवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही.

तोवर घरातले भांडे देण्याआधी बूड, कान आणि झाकणाची आतली कड तपासा. उजेड तिरका पडू द्या, मोबाइलने जवळून फोटो काढा. शिक्का दिसेना म्हणून टूथपेस्टने घासू मात्र नका; झिजलेली खूण परत येत नाही.