माईक नावाचा अलंकार

मराठी व्यासपीठावर गेल्या काही वर्षांत एका वस्तूचे माहात्म्य विलक्षण वाढले आहे. चकचकीत धातूचा, उभ्या पट्ट्यांचा, जुन्या मोटारीच्या तोंडासारखा दिसणारा माईक. जुन्या गाण्यांची मैफल असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो की काव्यवाचनाचा कार्यक्रम, निमंत्रणपत्रिकेवर आधी त्याचे चित्र येते आणि मग व्यासपीठाच्या मधोमध तो स्वतः येतो. कोण गाणार, कोणत्या कविता वाचल्या जाणार, हे पक्के होण्यापूर्वीच ‘तो जुन्या पद्धतीचा माईक मिळेल ना?’ अशी चौकशी सुरू झालेली असते. त्यातून आवाज कसा येतो, ही चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या माईकवर नाही; तो डोळ्यांनी निवडण्याच्या आपल्या सवयीवर आहे.

आपली परिभाषाही या गोंधळाला थोडी जबाबदार आहे. मराठीत आपण माईकला ‘ध्वनिक्षेपक’ म्हणतो. क्षेपण म्हणजे फेकणे. माईक काहीच फेकत नाही, तो ऐकतो. फेकण्याचे काम पुढे ध्वनिवर्धक आणि कर्णे करतात. माईक हा सभागृहाने वक्त्याच्या ओठांपाशी नेऊन ठेवलेला कान आहे, एवढे जरी लक्षात घेतले तरी निवडीचा निकष आपोआप बदलतो. कान सुंदर आहे की नाही हे पाहून कोणी ऐकणारा निवडत नाही.

आता या आकृतीचा इतिहास पाहू. अमेरिकेतील शुअर या कंपनीने १९३९ साली ‘युनिडाइन ५५’ हा माईक बाजारात आणला. त्यामागचे डोके बेंजामिन बाउअर या अभियंत्याचे. त्यापूर्वी एकाच दिशेचा आवाज घेणारा माईक करायचा तर साधारणपणे दोन निरनिराळे घटक एकाच पेटीत बसवावे लागत. माईक मोठा, महाग आणि नाजूक होई. बाउअर यांनी तेच काम एका घटकात साधले. पुढचा आवाज घ्यायचा, मागचा टाळायचा. त्यामुळे सभागृहातला गलबला आणि कर्ण्यातून परत येणारी ती कर्कश शिट्टी, दोन्ही आटोक्यात आले. १९५१ साली त्याची लहान आवृत्ती निघाली. पुढे एल्व्हिस प्रिस्लीच्या छायाचित्रांमुळे ती इतकी सर्वतोमुखी झाली की ‘एल्व्हिस माईक’ हेच तिचे नाव पडले.

या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांनी तो माईक त्या काळात निवडला, त्यांनी तो जुना म्हणून निवडला नव्हता. तो त्या वेळचा सर्वांत नवा माईक होता. गर्दीत, गोंगाटात, वाद्यांच्या कल्लोळात गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ पोहोचवणारे त्याच्याइतके सुटसुटीत साधन दुसरे क्वचितच होते, म्हणून तो उचलला गेला. त्या पिढीशी खरोखरच इमान राखायचे असेल तर तिची वस्तू उचलून भागणार नाही. आज माझा शब्द सर्वांत स्वच्छ कोण ऐकेल, हा तिचा प्रश्न आपणही विचारला पाहिजे. त्याचे उत्तर कदाचित तोच आकार देईल, कदाचित देणार नाही. उत्तर आधी ठरवून प्रश्नच गिळून टाकणे याला परंपरेचा आदर म्हणता येत नाही.

शिवाय आज या आकारात जे विकले जाते ते आतून जुने नसतेच. शुअरच्याच सध्याच्या ‘५५ एसएच’ या माईकची अंतर्रचना सुधारलेली आहे. त्याची घोषित ध्वनिमर्यादा ५० ते १५,००० हर्ट्झ आहे, आणि नेमकी तीच मर्यादा १९६६ पासून जगभरच्या व्यासपीठांवर राबणाऱ्या, दिसायला अत्यंत सामान्य अशा ‘एसएम ५८’ या माईकचीही आहे. या आकड्यांवरून दोन्ही माईक सारखेच ऐकतात असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. परंतु ‘जुन्या आकारातून जुना आवाज येतो’ ही समजूत किती भाबडी आहे, हे त्यावरून नक्की कळते. बाजारातल्या स्वस्त नकलांची गोष्ट तर वेगळीच. जाळी हुबेहूब, आत काय बसवले आहे ते देव जाणे. काहींच्या आत कंडेन्सर जातीचा घटक असतो. त्याला मिक्सरमधून बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो मिळाला नाही तर तो मुकाच राहतो. म्हणजे एकाच मुखवट्यामागे निरनिराळे नट उभे असतात आणि आपण मुखवट्याला टाळ्या देतो.

हा विषय वाङ्मयाच्या चर्चेत कशासाठी, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की आधुनिक मराठीचा श्राव्य वाङ्मयेतिहास माईकला वगळून लिहिताच येणार नाही. १९०२ साली गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण कलकत्त्यात झाले तेव्हा कर्ण्याच्या तोंडात खड्या आवाजात गावे लागत होते. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांची पिढी घडली तीही ध्वनिवर्धकाशिवाय. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेणे हा तिच्या गायकीच्या घडणीचाच भाग होता. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि गळ्याला पहिल्यांदाच कुजबुजण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी तिचा लाभ उठवला. आपल्याकडे १९३० नंतर जी. एन. जोशींच्या ध्वनिमुद्रिकांतून भावगीत घराघरांत गेले आणि पुढे गजानन वाटव्यांनी त्याचे जाहीर कार्यक्रम महाराष्ट्रभर लोकप्रिय केले. एकट्याने एकट्याशी बोलावे असा भावगीताचा सूर हजारांच्या गर्दीत टिकतो, तो मध्ये माईक आहे म्हणून. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते घरोघर पोहोचली, ती त्या अदृश्य कानातूनच.

कवितेचेही तेच. रविकिरण मंडळातले कवी श्रोत्यांपुढे कविता गात असत. नंतरच्या काळात विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगाव कविता वाचल्या तेव्हा बोलण्याच्या लयीला, मध्येच थांबण्याला, शब्दावर हलकासा भार देण्याला कवितेत प्रतिष्ठा मिळाली. या स्थित्यंतराची कारणे अर्थातच वाङ्मयीन आहेत. पण बोललेला, न ओरडलेला शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचू लागल्याशिवाय ती व्यासपीठावर इतकी रुजली असती, असे मला वाटत नाही. ज्या साधनाने भावगीताला आणि काव्यवाचनाला हा अवकाश दिला, त्याची निवड आपण फुलदाणीच्या निवडीप्रमाणे करावी, हे मराठीच्या अध्यापकांना तरी शोभत नाही.

मराठी ध्वनींच्या अंगाने पाहिले तर प्रश्न आणखी ठोस होतो. प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण. ते उच्चारताना मिटलेले ओठ उघडतात आणि हवेचा झोत बाहेर पडतो. महाप्राण वर्णांत तो अधिकच जोराचा असतो. हा झोत माईकच्या पडद्यावर आदळला की कर्ण्यातून शब्दाऐवजी ‘धप्प’ असा आघात ऐकू येतो. झोत अडवणारा स्पंज जाळीच्या आत आहे का, असला तर किती जाड, हे पट्ट्यांच्या चकाकीवरून कळत नाही. दुसरे उदाहरण च आणि ज यांचे. ‘चाक’ मधला च वेगळा, ‘चंद्र’ मधला वेगळा. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, हे लिहिताना सारखे आणि उच्चारताना निराळे. हा भेद मुख्यतः घर्षणाच्या बारीक, उंच स्वरात असतो. आणि एकदिश माईकच्या बाजूने बोलले की साधारणपणे तोच उंच भाग सर्वांत आधी गळतो.

येथेच त्या सुंदर आकाराची खरी अडचण सुरू होते. ‘एसएम ५८’ सारख्या माईकमध्ये टोकाकडून बोलायचे असते. ५५ च्या घडणीत समोरच्या जाळीसमोर बोलायचे असते. त्याचा गोलसर माथा पाहून कितीतरी वाचक वरून, आइस्क्रीमच्या कोनात बोलावे तसे बोलतात. बाजूने, म्हणजे ९० अंशांतून आलेला आवाज अशा माईकला समोरच्यापेक्षा निम्म्या दाबाने मिळतो. मग ध्वनियंत्रणा सांभाळणारा आवाज वाढवतो, वाढवला की शिट्टी वाजते, शिट्टी वाजली की कवी दचकून मागे सरतो, आणि कविता संपते तेव्हा श्रोत्यांच्या हाती क्रियापदे तेवढी लागलेली असतात. त्यात हा माईक ‘एसएम ५८’ च्या दुपटीहून अधिक जड. तो स्टँडवर राहण्यासाठी घडलेला आहे, हातात घेऊन फिरण्यासाठी नव्हे. आणि समोर उभा केला की बोलणाऱ्याची हनुवटी आणि ओठ दोन्ही झाकून टाकतो. म्हणजे जो श्रोता ओठांच्या हालचालीवरून निसटलेला शब्द पकडू पाहतो, त्याचीही वाट बंद.

प्रतिपक्षाचे युक्तिवाद मी ऐकले आहेत. पहिला असा की प्रयोग ही दृश्यकलाही आहे. गंधर्व नाटक मंडळीचा भरजरी थाट हा प्रयोगाचाच भाग नव्हता काय? होता. पण नायिकेचा शालू गाणे आणि श्रोता यांच्या मध्ये येत नव्हता. माईक मध्येच उभा असतो; तेच त्याचे काम आहे. साहित्यशास्त्राने अलंकाराला मान दिला तो काव्याची शोभा वाढवणारा म्हणून. जो अलंकार काव्यच ऐकू देत नाही, त्याला शोभा म्हणावे की दोष, हे आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवतो.

दुसरा युक्तिवाद ‘उबदार’ आवाजाचा. ही ऊब बहुधा जवळिकीची असते. कोणत्याही साध्या एकदिश माईकच्या अगदी जवळ गेले की खर्जाचा भाग वाढतो आणि आवाज भरदार वाटतो. साध्या काळ्या माईकमध्येही तो वाढतो. जुन्या ध्वनिमुद्रणांतल्या उबेत रिबन माईकचा, निर्वात नळ्यांच्या यंत्रांचा, त्या खोलीचा आणि मुख्य म्हणजे त्या गळ्याच्या संयमाचा वाटा होता. धातूची जाळी विकत घेतल्याने यातले काहीही घरी येत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लाडका: एवढ्याशा वस्तूवरून एवढा गदारोळ कशाला? आपण पाठचिकित्सा शिकवतो. एका पोथीतला एक अनुस्वार गळला तर टीप लिहितो. भर सभागृहात कवितेचे शब्दच्या शब्द गळत असताना मात्र ‘आवाजाचे काय, चालते’ म्हणतो. छापील अक्षराला एक न्याय आणि उच्चारलेल्या अक्षराला दुसरा, हा भेद ज्यांच्या साहित्यात ओवी आहे, कीर्तन आहे, पोवाडा आहे, त्या मराठीच्या अध्यापकांनी करावा हे खेदजनक आहे. आणि याची किंमत प्रतिष्ठित कवी मोजत नाही. त्याची कविता श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, गळलेले शब्द ते मनात भरून घेतात. किंमत मोजतो तो पहिल्यांदाच व्यासपीठावर आलेला द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. त्याची कविता कोणी वाचलेली नसते. तिला मिळणारी ती तीन मिनिटेच असतात.

तेव्हा निवड कशी करावी? कार्यक्रमापूर्वी एक दुपार मोकळी ठेवावी. ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्याकडून दोन-तीन माईक मागून घ्यावेत; जुन्या घडणीचा एक आणि साधे दोन. ते ज्या सभागृहात कार्यक्रम आहे तेथेच लावावेत, दुकानात नव्हे. एक भारी आवाज, एक पातळ आवाज आणि एक सवय नसलेला आवाज, असे तीन वाचक घ्यावेत. फ, भ, च, ज, श यांनी भरलेला उतारा प्रत्येकाला द्यावा. निवड करणाऱ्यांनी शेवटच्या रांगेत पाठ फिरवून बसावे आणि जे शब्द कळले नाहीत ते लिहून काढावेत. जुन्या घडणीचाच माईक घेणार असाल तर त्याची दिशा विचारून घ्यावी. ‘५५ एसएच’ कार्डिऑइड आहे, म्हणजे नेमक्या मागून येणारा आवाज तो सर्वांत कमी घेतो. गाणाऱ्यासाठी ठेवलेला मॉनिटर सरळ मागे चालतो. जवळपास तसाच दिसणारा ‘सुपर ५५’ सुपरकार्डिऑइड आहे. त्याची बहिरी जागा मागच्या दोन्ही बाजूंना, समोरपासून साधारण १२५ अंशांवर येते आणि नेमक्या मागचे त्याला थोडे ऐकू येते; मॉनिटर तिरपा ठेवावा लागतो. चेहरा सारखा आणि कान वेगळे, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या परीक्षेत तो चकचकीत माईक पहिला आला तर त्याला खुशाल मानाने मधोमध उभा करावा. माझी काही तक्रार राहणार नाही. मागे पडला आणि तरीही त्याची शोभा हवीच असेल, तर त्यालाही उपाय आहे. त्याला फुलांशेजारी, टेबलावर, तार न जोडता ठेवावे. कविता वाचणाऱ्याच्या ओठांपाशी मात्र जो ऐकतो तोच माईक असावा.