मॉन्टेफिओरे : एका आडनावाची कुळकथा

यरुशलेमच्या येमिन मोशे वस्तीतील पवनचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. सर मोझेस मॉन्टेफिओरे यांनी ती १८५७ साली बांधविली, हेही पुष्कळांस ठाऊक असते. त्यांच्या आडनावाचा अर्थ मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हे आडनाव इंग्लंडात प्रसिद्धीस आले, तरी शब्द इटालियन आहे. ‘मोन्ते’ म्हणजे डोंगर आणि ‘फिओरे’ म्हणजे फूल. या नावाची गावे इटलीत आजही आहेत. गावावरून घराण्यास नाव पडण्याची रीत तेथील यहुदी समाजात रूढ होती. सर मोझेस यांचे आजोबा अठराव्या शतकात लिव्होर्नो बंदरातून लंडनला येऊन स्थायिक झाले. देश बदलला, भाषा बदलली. आडनाव तेवढे टिकले. स्वतः सर मोझेस १७८४ साली लिव्होर्नोतच जन्मले व १८८५ साली, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी, इंग्लंडात निवर्तले. त्यांना अपत्य नव्हते. तेव्हा त्यांचे भाचे जोसेफ सेबॅग यांनी राजाज्ञेने मामांचे आडनाव आपल्या आडनावास जोडून घेतले. सेबॅग-मॉन्टेफिओरे हे जोडनाव तेव्हापासूनचे.

वाचकहो, ही कथा आपणांस परकी वाटू नये. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आपली आडनावे याच रीतीने घडली आहेत. ‘कर’ या दोन अक्षरांत कोकणातील एकेक गाव सामावला आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. आपल्या आडनावांतील गावे मात्र होती तेथेच राहिली.

इस्रायलमध्ये आल्यावर अनेकांनी हिब्रू आडनावे घेतली. नव्या राष्ट्राशी एकरूप होण्याच्या त्या इच्छेस आम्ही नावे ठेवणार नाही. खुद्द बेन-गुरियन यांचे मूळ आडनाव ग्रून होते. परंतु नवे घेताना जुने पुसून टाकलेच पाहिजे असे थोडेच आहे? सेबॅग यांनी दोन्ही सांभाळली.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरातील प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर आपले मूळ आडनाव, ते ज्या गावावरून आले तो गाव, आणि तेथून निघालेल्या पूर्वजाचे नाव मराठीत व हिब्रूत लिहून ठेवावे. हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. नातवंडे एक ना एक दिवस विचारतील. तेव्हा उत्तर घरातच सापडावे.