गोठ्याचा अर्ज आणि सातवा अध्याय



दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय वाचून झाला, सूर्यास्ताआधीचं जेवण उरकलं आणि गावाहून धाकट्या दिरांचा फोन आला.

"वहिनी, रानात गोठा बांधायला घेतोय. दिवाळीच्या आत पत्रा चढवतो. दादांना सांगा, तोंडी हो म्हटलं तरी पुरे."

आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णेच्या काठी. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं आहेत, म्हणून हा फोन. मी सहज विचारलं, "भाऊजी, परवानगीचं काय?" ते हसले. "स्वतःच्या रानात म्हशी बांधायला कसली परवानगी? सगळं गाव बांधतंय. अर्ज केला की फाइल अडकते, आणि अडकली की हात ओले करावे लागतात."

हे म्हणाले, "तो तिथं राहतो, त्याला कळतं. आपण इथं शीव कोळीवाड्यात बसून कशाला नाक खुपसायचं?" मला मात्र चैन पडेना. कारण नुकताच वाचलेला सातवा अध्याय व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत चोरीचा माल घेणं, खोटं माप, भेसळ यांच्याच रांगेत 'विरुद्धराज्यातिक्रम' बसवला आहे. राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं, असा त्याचा अर्थ आम्हाला पाठशाळेत शिकवला होता. खोट्या मापाला आपण लगेच पाप म्हणतो. विनापरवाना भिंतीला मात्र 'सगळेच करतात' म्हणतो.

मग मी कायदा वाचायला घेतला. बी.कॉम.ला कायद्याचा एक पेपर होता, तेवढ्या बळावर. आणि आश्चर्य वाटलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं 41 वं कलम शेतकऱ्याच्या बाजूचंच आहे. आपल्या शेतजमिनीवर अवजारं, खत, वैरण किंवा धान्य ठेवायला, गुरांच्या निवाऱ्याला, घरच्या माणसांच्या किंवा गड्यांच्या राहण्याला 'शेतघर' बांधण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. त्यासाठी जमीन बिगरशेती करावी लागत नाही. मात्र काही भागांत आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आमच्यासारख्या महानगरपालिकेच्या हद्दीपासून पाच किलोमीटरचा पट्टा हा त्यांतला एक. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाल्यापासून आमचं रान त्या पट्ट्यात येतं. म्हणजे आम्हाला अर्ज करणं भाग आहे.

मर्यादा काय, तेही पाहिलं. जमीन 0.4 हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगी नाही. 0.4 ते 0.6 हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र 150 चौरस मीटर. त्याहून जास्त जमीन असेल तर तिच्या चाळिसाव्या भागाइतकं किंवा 400 चौरस मीटर, यांत जे कमी असेल ते. राहण्याचा भाग 150 चौरस मीटरच्या वर नको. आमची जमीन एक हेक्टर वीस आर, म्हणजे 12,000 चौरस मीटर. तिचा चाळिसावा भाग 300. भाऊजींचा गोठा 30 बाय 40 फुटांचा, म्हणजे साधारण 111 चौरस मीटर. जे उघडपणे मिळू शकतं, ते लपून कशाला बांधायचं?

मी आकडे सांगितले तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता. मग खरी गोष्ट बाहेर आली. गोठ्याच्या एका टोकाला दोन खोल्या काढायच्या होत्या, संडास-बाथरूमसकट. पुतण्याची कल्पना. शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांना नदीकाठी राहायला द्यायच्या. कागदावर मात्र सगळा गोठाच.

आता प्रश्न अर्जाचा राहिला नाही, शब्दाचा झाला. पुतण्याने दोन पैसे कमवायला माझी हरकत नाही. उसाच्या बिलावर घर चालवणं किती अवघड, ते मी पाहिलं आहे. पण ज्या खोलीत भाडेकरू झोपणार तिला गोठा म्हणणं हे खोटं मापच. भाड्याचा धंदा करायचा तर त्याची वेगळी, रीतसर मंजुरी घ्यावी आणि त्याचा कर भरावा. परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र आणि वास्तू पहिल्याच जोडीत मोजतात. जी वास्तू सरकारी कागदावर चुकीची मोजली, ती आपल्या मनाच्या वहीत तरी खरी कशी मोजली जाईल?

दुसरी गोष्ट जागेची. या खोल्यांसाठीच गोठा खाली मळीच्या रानात, नदीच्या अंगाला घ्यायचं ठरलं होतं. ऑगस्ट 2019 मी विसरू शकत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मळीच्या रानात तेव्हा साधं छप्पर होतं. रात्रीतून पाणी चढलं. एक म्हैस आणि तिचं रेडकू दाव्यालाच गेलं. गडी सोडवायला पोचलाच नाही. त्याच सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचा पहिला अतिचार 'बंध' आहे, मुक्या प्राण्याला जखडून ठेवणं. मी तो दरवर्षी वाचते आणि दरवर्षी ते रेडकू आठवतं.

जलसंपदा विभागाने नद्यांच्या पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी आहे. आमची मळी त्या निळ्या रेषेच्या आत. अर्ज केला असता तर हे पहिल्याच टेबलावर कळलं असतं. परवानगी म्हणजे नुसता शिक्का नाही. आपण कुठे बांधतोय हे आपल्या हौसेबाहेरच्या कुणीतरी एकदा पाहणं, हा तिचा खरा उपयोग.

कागदाची किंमत आम्हा मुंबईकरांना तरी वेगळी सांगायला नको. इथे राहतं घर 17 एप्रिल 1964 च्या आधीचं आहे हे दाखवायला लोक आजोबांच्या ट्रंका उपसतात. जुनं लाइट बिल, शाळेचा दाखला, काहीही. ज्यांनी बांधलं ते निघून गेले, धावपळ नातवंडांच्या वाट्याला. आमच्या नातवंडांनी मिरजेच्या कचेरीत तसं उभं राहावं, असं मला वाटत नाही. आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी, हा समज मनातून काढून टाका. नमुना 8 ला नोंद झाली म्हणून कर लागतो, बांधकाम कायदेशीर होत नाही.

भाऊजींचं एक म्हणणं खरं आहे. वेळ लागतो. आम्ही सातबारा, आठ-अ आणि नकाशा जोडून अर्ज दिला तो वरच्या रानासाठी: गोठा, वैरणीची खोली आणि गड्याच्या कुटुंबाला एक खोली, जे आहे तेच लिहून. पोचपावती घेतली. कुणाच्या हातात काही ठेवायचं नाही, हेही ठरलं, कारण एक अतिचार टाळायला दुसरं पाप करण्यात अर्थ नाही. दिवाळी होऊन गेली, पत्रा चढला नाही. म्हशी ताडपत्रीखाली आहेत आणि भाऊजी माझ्याशी मोजकंच बोलतात. पुतण्याने भाड्याच्या खोल्यांचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे, मनातून काढलेला नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही. तुमच्याही गावाकडे शेड, गोठा, पंपघर निघत असेल, तर वीट टाकण्याआधी दोन प्रश्न विचारा. इथे कोण राहणार, हे अर्जात खरं लिहिता येईल का? आणि पाणी आलं तर जे बांधलेलं आहे ते सुटेल का? दोन्हींना 'हो' म्हणता येत असेल, तर अर्जाला भिण्याचं कारण नाही. येत नसेल, तर परवानगी मिळाली तरी बांधू नका.